आबाजींच्या रिव्हॉल्व्हरचा माग

वरवट बकालच्या आमच्या घरात आजोबांचं, म्हणजे आबाजींचं, वेब्ली अँड स्कॉटचं ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर होतं. आबाजी गेले तेव्हा परवानाही त्यांच्यासोबत संपला. बहिणीचं लग्न तोंडावर होतं, म्हणून १९८०च्या दशकात वडिलांनी ते अकोल्याच्या एका परवानाधारक दुकानदाराला रीतसर विकलं. विदेशी हत्यारांची खासगी आयात त्याच दशकात बंद झाली आणि जुन्या विलायती मालाला भाव चढला. पैसे चांगले आले. तरी आजी अखेरपर्यंत विचारायची, ‘ते कोनाच्या घरी असन रे?’ तिच्या या प्रश्नापायी मी माग काढायला लागलो. त्यात जे कळलं ते सांगतो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

१. आधी माणसं गाठा, कागद नंतर.
आमच्याकडे सालदार राहिलेले एक म्हातारबा तेव्हा हयात होते. त्यांनी सांगितलं, ‘मधातून मोडे ते, बापू. आबाजी अंगठ्यानं खटका दाबत, नळी खाली झुके, अन् काडतुसाईच्या पुंगळ्या साऱ्या एकदमच वर येत.’ एवढ्यावरून बंदुकीतल्या जाणकारानं मॉडेल ओळखलं: सहा घरांचं, मधून मोडणारं. मुठीच्या बुडाला दोरी अडकवायची कडी होती, हेही त्यांनाच आठवत होतं.

ते हत्यार घरात का होतं, हेही त्यांच्याकडूनच कळलं. कापसाच्या बंड्या खिरोड्याजवळ पूर्णा ओलांडून शेगाववरून खामगावला जायच्या. माल विकला की रोकड कमरेला बांधून रातोरात परत. आबाजी पहिल्या बंडीवर बसत. १९७२ला कापूस एकाधिकार योजना आली, चुकारे सरकारी चिठ्ठीवर मिळू लागले आणि रोकडीचा तो प्रवास थांबला. त्यानंतर ते रिव्हॉल्व्हर पेटीत गेलं. घरातल्या कुणालाच ही संगती ठाऊक नव्हती. म्हातारबा पुढच्याच उन्हाळ्यात वारले.

२. माग हत्याराचा नसतो, नंबराचा असतो.
‘आबाजींचं काळं रिव्हॉल्व्हर’ म्हणून कुठलंही दप्तर उघडत नाही. तशी हजारो असतील. प्रत्येकाच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर मात्र त्याचा एकट्याचा.

याची मोठी साक्ष आमच्यापासून सातपुड्यापलीकडे, इंदूरला मिळाली. १७ डिसेंबर १९२८ला लाहोरात पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी आपल्या खेडच्या राजगुरूंनी झाडली, त्यानंतर भगतसिंगांनी. भगतसिंगांचं कोल्ट पिस्तूल पुढे कित्येक दशकं हरवल्यातच जमा होतं. खटल्याच्या कागदांत मात्र नंबर होता: १६८८९६. फिल्लौरच्या पोलीस अकादमीतून १९६९ला काही हत्यारं इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेत गेली होती. २०१६ला तिथल्या संग्रहालयात एका पिस्तुलावरचा काळा रंग खरवडला आणि खाली तोच आकडा निघाला. इतिहासाला जे लागू, ते वरवटच्या घरालाही लागू.

आमचा नंबर मिळाला तो सातबाऱ्याच्या गठ्ठ्यात. निवडणुकीच्या वेळी परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. तशी एक पिवळी पडलेली पावती, जांभळ्या शिक्क्याची, घडीवर फाटलेली. हवालदारांचं अक्षर वळणदार, पण एक आकडा १ की ९ हे काही केल्या ठरेना. काडतुसं घेतल्याचं एक जुनं बिल सापडलं तेव्हा ते ९ असल्याचं पक्कं झालं. म्हणून एका कागदावर थांबू नका.

३. गाव जागेवर असतं, दप्तर फिरत असतं.
आमचं वरवट ज्यात मोडायचं तो जळगाव जामोदचा भाग १९०५पर्यंत अकोला जिल्ह्यात होता, मग बुलडाण्यात आला. १९५०पर्यंत आम्ही मध्य प्रांत-वऱ्हाडचे, मग १९५६पर्यंत मध्य प्रदेशचे, कारभार नागपुरातून. आमचा आताचा संग्रामपूर तालुका तर फार अलीकडचा. आबाजींचा पहिला परवाना डिप्टी कमिशनरच्या सहीचा आणि नंतरची नूतनीकरणं कलेक्टरच्या. अर्जात त्या-त्या वर्षाचा तालुका लिहिला तरच कारकुनाला बस्ता सापडतो. आमच्या अर्जाला खरं वळण या एका दुरुस्तीनं लागलं.

४. दुकानदाराची वही सरकारी फायलीपेक्षा बोलकी असते.
शस्त्रविक्रेत्याला आलेल्या-गेलेल्या प्रत्येक हत्याराची नोंद ठेवावी लागते. अकोल्याचं ते दुकान मुलाच्या हाती आलं होतं. मी नंबर सांगितला. त्यानं वही शोधली, ओळीवर बोट ठेवलं आणि एवढंच बोलला: ‘मध्य प्रदेशात गेलं.’ नाव सांगितलं नाही. बरोबरच केलं.

५. ज्याच्याकडे आहे त्याचा मान आधी.
ज्याच्या घरी हत्यार आहे त्याचा पत्ता अनोळखी माणसाच्या हाती पडणं धोक्याचं. माहिती अधिकारात घरच्या माणसाच्या फायलीसाठी अर्ज करता येतो. खरेदीदाराची खासगी माहिती कलम ८(१)(ञ) खाली नाकारली जाऊ शकते, आणि नाकारावीच. मी एक पत्र लिहून दुकानदाराकडे दिलं, ‘वाटलं तर उत्तर द्या’ म्हणून. वस्तू परत मागितली नाही. तशी ती मिळतही नाही. एका खासगी माणसानं दुसऱ्याला विकायची तर घेणाऱ्याकडे परवाना हवा आणि ४५ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवावं लागतं. परवाना नसताना ते घरी ठेवायचा तर प्रश्नच नाही.

उत्तर आलं. खरेदीदार वारले होते. मुलांना परवाना नको होता, त्यांनी हत्यार ठाण्यात जमा केलं. मुदतीत कुणी हक्क सांगितला नाही, म्हणून कलम २१ प्रमाणे ते सरकारजमा झालं. पत्रासोबत एक फोटो होता: दसऱ्याच्या शस्त्रपूजेत हळदकुंकू लावलेलं आबाजींचं रिव्हॉल्व्हर, मुठीच्या बुडाला ती कडी स्पष्ट दिसणारी. त्या लोकांनीही ते जपलं होतं. आजी असती तर तिला तो फोटो पुरला असता.

६. वारसाचं काम जिवंतपणी उरका.
२०१६च्या शस्त्र नियमांनी एक वाट मोकळी केली आहे. परवानाधारकाची सत्तरी झाली किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. वडिलांच्या वेळी ही सोय असती तर आमची गोष्ट वेगळी झाली असती. आमच्या भागात रोही-रानडुकरांपासून पीक राखायला घेतलेल्या बंदुका अजून कितीतरी घरांत आहेत आणि परवानाधारक ऐंशीच्या घरात. अशांच्या मुलांना माझं सांगणं आहे: परवान्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, हत्यारावरचा नंबर कागदाशी ताडून वहीत उतरवा, आणि या हिवाळ्यात कापसाची वेचणी आटोपली की वडिलांना घेऊन बुलडाण्याला कलेक्टर कचेरीच्या शस्त्र परवाना शाखेत एकदा जाऊन या.