आधी तपासणी, मग औषध

पावसाळा संपला की ग्रामपंचायत कार्यालयातील जुने लाकडी कपाट उघडण्याचा प्रसंग येतो. कोणाला तरी जन्मनोंदीचा उतारा हवा असतो. नोंदवही बाहेरून शाबूत दिसते. पण उचलताच ती हलकी लागते आणि उघडल्यावर मधल्या पानांच्या जागी मातीचा थर निघतो. पुठ्ठा तसाच, शिवण तशीच; मजकूर मात्र नाहीसा झालेला. वाळवी पृष्ठभागाला फारसा धक्का न लावता आतून पोखरीत जाते आणि नुकसान पुरे झाल्यावरच ती आपल्या नजरेस पडते.

अशा वेळी सर्वसाधारणपणे बाजारातून औषधाची बाटली आणली जाते, शिपायाकडून ते औषध कोपऱ्याकोपऱ्यात शिंपडले जाते व प्रश्न मिटला असे समजण्यात येते. काही महिन्यांनी शेजारचे कपाट पोखरलेले आढळते. कीड कोणती आहे, ती कोठून येते, तिला ओलावा व आसरा कशामुळे मिळतो, हे कोणी पाहिलेलेच नसते. कीड नियंत्रणाच्या व्यवसायात तपासणी हे फवारणीपूर्वीचे स्वतंत्र काम मानले जाते. हे काम कसे चालते व तपासनिसाकडून आपण कोणती अपेक्षा ठेवावी, याची माहिती कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक व पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या त्याच्या पाच तालुक्यांत सार्वजनिक जबाबदारीने जपून ठेवावयाच्या वस्तू प्रामुख्याने तीन : कार्यालयांचे व शाळांचे दप्तर, मुलांच्या आहाराचे व स्वस्त धान्य दुकानांचे धान्य, आणि वखारीत ठेवलेली हळद व इतर शेतमाल. तिन्हींचे शत्रू निरनिराळे आहेत व त्यांची तपासणीही निरनिराळी आहे.

तपासनीस कोण असावा?

केरळात १९५८ साली वाहतुकीच्या वेळी पॅराथिऑन हे कीटकनाशक खाद्यपदार्थांत मिसळले गेले व त्यामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली. या दुर्घटनेनंतर झालेल्या विचारविनिमयातून १९६८ चा कीटकनाशके अधिनियम आणि १९७१ चे नियम अस्तित्वात आले. व्यावसायिक तत्त्वावर कीड नियंत्रण करणाऱ्यास या कायद्याखालील परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी कृषी पदवी, किंवा रसायनशास्त्र विषयासह विज्ञान पदवी आणि मान्यताप्राप्त संस्थेतील किमान १५ दिवसांचे प्रशिक्षण अपेक्षित आहे. म्हैसूरची केंद्रीय खाद्य तंत्रसंशोधन संस्था व हैदराबादची राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था येथे असे प्रशिक्षण मिळते. विषारी वायूची धुरी देण्याच्या कामास वेगळी तांत्रिक मान्यता लागते.

म्हणून तपासनीस दारात आला की प्रथम परवान्याची प्रत पाहावी व तिची मुदत तपासावी. यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. केंद्रीय वखार महामंडळासारखी सार्वजनिक संस्थाही कीड नियंत्रणाची सेवा देते, हेही लक्षात ठेवावे.

तपासणीच्या आदल्या दिवशी

पाहुणा येणार म्हटले की आधी झाडलोट करण्याचा आपला स्वभाव असतो. येथे तो आवरावा. उंदराच्या लेंड्या, खिडकीखाली पडलेले पंख, कपाटाखालचा भुसा हेच तपासनिसाचे पुरावे असतात. कपाटे भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवावीत, सर्व खोल्यांच्या किल्ल्या हाताशी असाव्यात आणि इमारत माहीत असलेली व्यक्ती, मग तो शिपाई असो वा स्वयंपाक करणारी बाई, बरोबर द्यावी. छत कोठे गळते, नळ कोठे पाझरतो, यापूर्वी कोणते औषध केव्हा मारले, हे त्यांनाच ठाऊक असते.

दप्तर आणि वाळवी

जाणता तपासनीस वाळवीचा शोध इमारतीच्या बाहेरून सुरू करतो, कारण तिचे मूळ घर जमिनीत असते. जोत्याभोवती साचलेले पाणी, भिंतीला टेकवून रचलेले सरपण, जमिनीत राहिलेला झाडाचा बुंधा यांची तो नोंद घेतो. नंतर आत येऊन दाराच्या चौकटींचे खालचे टोक स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहतो. पोकळ आवाज आला तर टोकाने टोचतो. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्यास त्यांतील एकीचा लहानसा तुकडा मोडून तेथे खडूने तारीख घालतो. काही दिवसांत ती नळी पुन्हा लिंपली गेली तर वाळवी जिवंत आहे असे निश्चित होते. कोरडीच राहिली तर ती वाट सोडलेली असू शकते.

लाकूड पोखरलेले आहे म्हणजे वाळवीच आहे असे मात्र नाही. वाळवी आपल्यामागे माती ठेवते. लाकडातील भुंगेरे लहान गोल छिद्रे पाडतात व त्यांतून पिठासारखा भुसा गळतो. पहिल्या प्रकारात जमिनीचा उपचार करावा लागतो. दुसऱ्यात त्या लाकडाचा. न पाहता औषध मारल्यास पैसा वाया जातो तो येथेच.

इमारतींच्या वाळवी प्रतिबंधासाठी ६३१३ क्रमांकाचे भारतीय मानक असून त्याचा तिसरा भाग उभ्या इमारतींसाठी आहे. जेथे गरज असेल तेथे भिंत व फरशी यांच्या सांध्याशी सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर भोके पाडून त्यांतून औषध जमिनीत उतरवितात. पूर्वी या कामासाठी सर्रास वापरली जाणारी आल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर ही औषधे आता प्रतिबंधित आहेत. कोणी त्यांचे नाव घेतल्यास काम देऊ नये. कागदावर तर कोणतेही औषध शिंपडू नये. बाधित वह्या वेगळ्या काढून, जुने व मोलाचे दप्तर असेल तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचा सल्ला घ्यावा.

या दप्तराचे मोल काय, हे मराठवाड्याने अलीकडेच अनुभवले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी राजवटीत होता व तेव्हाचे पुष्कळसे दप्तर उर्दू व मोडीत आहे. कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली, तेव्हा महसुली कागदपत्रे, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या आणि शाळांची जनरल रजिस्टरे गावोगावी उघडली गेली. अनेक वर्षे कोणी न पाहिलेल्या एका ओळीवर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून असू शकतो. ती ओळ वाळवीने खाल्ली असेल तर तिची दुसरी प्रत मिळेलच असे नाही.

शाळेतील धान्यकोठी

शाळेतील तांदळाची तपासणी पोत्याच्या बाहेरून होत नाही. तपासनीस पोकळ नळी पोत्यात खुपसून निरनिराळ्या खोलीचे नमुने काढतो, ते चाळतो आणि चाळणीखाली पडलेल्यात काय हालते ते पाहतो. सोंडकिडा असेल तर दाण्याला भोक दिसते. तांबडा भुंगेरा पिठावर व फुटक्या दाण्यावर जगतो, तर पतंगाची अळी दाणे एकमेकांना जाळीने चिकटविते. पोत्याच्या शिवणी, फरशीच्या भेगा आणि रिकाम्या पोत्यांचा ढीग ही किडीची ठरलेली वस्तीस्थाने होत. जुन्या मालातील कीड याच वाटेने नव्या मालात येते.

बहुतेक शाळांच्या बाबतीत या तपासणीतून निघणारा सल्ला औषधाचा नसतोच. पोती लाकडी फळ्यांवर ठेवावीत, थप्पी भिंतीपासून दूर असावी, आधी आलेला माल आधी वापरावा, सांडलेले धान्य रोज झाडावे व रिकामी पोती उन्हात वाळवावीत, एवढ्याने अर्ध्याहून अधिक काम होते. धान्यात ओलावा जितका अधिक, तितकी कीड व बुरशी लवकर वाढते.

कीटकनाशकाचा डबा धान्याच्या खोलीत दिसला तर तपासनिसाने तो ताबडतोब हलविण्यास सांगितले पाहिजे. बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन या गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले मृत्यू पावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. पोरकिड्याने फार तर तांदूळ नासतो; विषाचा रिकामा डबा पुन्हा वापरात आला तर एक पिढी जाते.

उंदीर आणि घुशी

उंदीर प्रत्यक्ष दिसण्याची वाट पाहावी लागत नाही. ताजी लेंडी मऊ व चकचकीत असते, जुनी कोरडी व भुरकट. रोजच्या वाटेवर भिंतीला काळपट तेलकट पट्टा पडतो. बिळे वापरात आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी ती मातीने बुजवून दुसऱ्या दिवशी पाहतात. जी पुन्हा उघडतात ती जिवंत. अशी मोजणी झाल्यावरच पिंजरे किती व आमिष कोठे ठेवावयाचे हे ठरते. विषारी आमिष मुले व जनावरे यांच्या हाती लागणार नाही अशा बंद पेटीतच ठेवावे, आणि मेलेले उंदीर उचलून पुरण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच लिहून घ्यावे.

हा विषय केवळ नासाडीचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्यात अनेक कुटुंबांनी घरे सोडली, पण साठविलेले धान्य घरांतच राहिले व त्यावर उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावातून प्लेगसदृश रोगाच्या बातम्या आल्या, तेव्हा तज्ज्ञांचे लक्ष याच उंदरांकडे वळले होते.

हळदीची वखार

वसमत हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून हळद संशोधन व प्रशिक्षणाचे केंद्रही वसमत येथे उभे राहत आहे. भाव मिळेपर्यंत शेतकरी माल वखारीत ठेवतो व पुष्कळदा वखार पावतीवर तारण कर्ज घेतो. अशा वेळी पोत्यातील हळकुंड हीच त्याची पत असते. हळकुंडात तंबाखूवरील भुंगेरा म्हणून ओळखला जाणारा दोनतीन मिलिमीटर लांबीचा तांबूस कीटक शिरतो. टाचणीच्या टोकाएवढी भोके व पोत्याखाली पडलेली पिवळी पूड ही त्याची खूण. अपुरी वाळलेली हळद त्यास लवकर बळी पडते. म्हणून वखारीतील मालाची पंधरवड्यास एकदा पाहणी व्हावी व थप्पीस टांगलेल्या पत्रकावर तिची तारीख आणि निष्कर्ष लिहिलेले असावेत. माल ठेवणाऱ्या शेतकऱ्याने हे पत्रक पाहण्यास मागावे.

धुरीकरणाविषयी इशारा

तपासणीत जिवंत कीड अधिक आढळल्यास ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांची धुरी सुचविली जाते. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम फॉस्फीन वायू निघतो. या वायूवर उतारा नाही. म्हणून हे काम मान्यताप्राप्त व्यक्तीनेच, हवाबंद आच्छादनाखाली, दारावर धोक्याची पाटी लावून करावयाचे असते. आच्छादन कित्येक दिवस ठेवावे लागते व काढल्यावर जागा पुरेशी मोकळी करून, वायू उरला नाही याची उपकरणाने खात्री करावी लागते. राहत्या घरात, वर्गखोलीत किंवा वर्गाला लागून असलेल्या कोठीत ही धुरी कदापि देऊ नये. घरातील कोठीत गोळ्या ठेवून शेजारच्या खोलीत झोपलेली माणसे दगावल्याच्या घटना देशात वारंवार घडल्या आहेत.

अहवाल हाच खरा मोबदला

पुष्कळ व्यावसायिक तपासणी विनामूल्य करतात. परंतु जो तपासतो तोच औषध विकतो, हे ध्यानात ठेवून लेखी अहवालाचा आग्रह धरावा. अहवालात पुढील गोष्टी असाव्यात : कोणती कीड व कोणत्या खुणांवरून ओळखली, ती इमारतीत नेमकी कोठे आढळली, याचा साधा नकाशा, कोणत्या जागा पाहता आल्या नाहीत, बांधकामात व साठवणीत कोणते दोष आहेत, औषधाविना काय करता येईल, औषध लागलेच तर त्याचे नाव, प्रमाण व जागा, आणि पुन्हा पाहणी केव्हा. औषधाच्या वेष्टनावर विषारीपणाचा रंगीत चौकोन असतो. तांबडा सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा. कमी जहाल औषधाने काम होत असेल तर तांबड्याचा आग्रह का, असे विचारण्याचा अधिकार प्रत्येक पंचायत सदस्यास आहे. पाच मिनिटांत फेरी मारून ‘सगळीकडे मारून टाकू’ असे सांगणाऱ्याने तपासणी केलेली नाही, असे समजावे.

ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा, अशी वर्षातून दोन वेळा आपल्या कार्यालयाची, शाळेची, अंगणवाडीची व धान्य दुकानाची पाहणी ठरवून घ्यावी. तज्ज्ञ दर वेळी मिळेलच असे नाही. परंतु बॅटरी, चाळणी, खडू व एक वही एवढ्या साहित्यावर शिक्षक व ग्रामपंचायत अधिकारी प्राथमिक पाहणी करू शकतात. तिची नोंद ठेवली तर तज्ज्ञ येईल तेव्हा त्याचे निम्मे काम झालेले असेल, आणि औषधाची बाटली उघडण्यापूर्वी ती उघडण्याची गरज आहे काय, हे गावाला स्वतःच सांगता येईल.