रात्री एकटीने हायड्रोजन लावू नकोस

चि. सोनूस,


काल वहिनीचा फोन आला. तुझी रूममेट बोलता बोलता तिला सांगून गेली, की हल्ली तू रात्री-रात्री लॅबमध्ये एकटीच हायड्रोजन चढवून बसतेस. वहिनीला त्यातलं फारसं कळलं नाही. मला कळलं, आणि झोप लागली नाही.

तुझी घाई मला समजते. पॅलेडियम कॅटॅलिस्टचे नॅनोमीटरभराचे पुंजके मोकळे सोडले की एकमेकांना चिकटतात आणि बरेचसे अणू आत गाडले जाऊन वाया जातात. म्हणून ते झिफ-8 या सच्छिद्र जाळीच्या पोकळीत कोंडायचे. पोकळी 11.6 आंगस्ट्रॉमची, दार जेमतेम 3.4चं. पुंजके खरंच आत आहेत की बाहेरून चिकटलेत, हे दाखवायचं तर हेक्झीनला हायड्रोजन लागला पाहिजे आणि दारातून आत न शिरणारं थोराड सायक्लोऑक्टीन तसंच राहिलं पाहिजे. प्लॅटिनमवर हे 2012 साली दाखवून झालंय. तुझं काम चार दिवस उशिरा आलं तर काय बिघडतं?

हवेत चार टक्के हायड्रोजन साठला की एक ठिणगी पुरते, आणि त्याला वास नाही, रंग नाही. वापरलेलं पॅलेडियम गाळणकागदावर कोरडं पडलं आणि जवळ मेथॅनॉलची वाफ असली, तर ठिणगीही लागत नाही. 5 डिसेंबर 2018ला तुमच्या बंगळुरातच, टाटा इन्स्टिट्यूटच्या लॅबमध्ये स्फोट होऊन एक तरुण संशोधक गेला. तोही भर दुपारी, आजूबाजूला माणसं असताना. तू तर रात्री, एकटी!

एम.एस्सी. झाल्यावर मलाही बंगळूरला यायचं होतं. तुझ्या आजोबांनी एवढ्या लांब पाठवलं नाही आणि मी इथेच कॉलेजात शिकवत राहिले. ती खंत अजून आहे. म्हणून काम सोड, परत ये, असं माझ्या तोंडून कधी यायचं नाही. 2025चं नोबेल कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना या सच्छिद्र जाळ्यांसाठी मिळालं, तेव्हा तुझा फोनवरचा आनंद ऐकून मीच तिथे असल्यासारखं वाटलं होतं.

फार बोलले का गं? मनाला लावून घेऊ नकोस. कॅटॅलिस्ट ओला ठेव, नायट्रोजनखाली गाळ, सोबत कुणी नसेल तर रिअॅक्शन सकाळी लाव. आणि वेळेवर जेव. गुळाच्या पोळ्या पाठवते आहे, रूममेटलाही दे, तिच्यावर रागावू नकोस.

आज रात्री लॅबमध्ये थांबणार असशील तर सोबत कोण आहे, तेवढा मेसेज कर. कितीही वाजू देत.

तुझी,
आत्या