चिलखती हातमोजा करण्याआधी मूठ मिटून पाहा

कॉमिक कॉनसाठी किंवा एखाद्या ऐतिहासिक नाटकासाठी चामड्याचा चिलखती हातमोजा घरीच करायला बसणारा नवखा पहिली ठेच खातो ती बहुतेकदा खरेदीत. दुकानात मऊ, चकचकीत चामडं स्वस्तात मिळतं आणि तेच घरी येतं. ते सहसा क्रोमनं कमावलेलं असतं. जॅकेटला, पर्सला उत्तम. पण भिजवून कितीही वळवलं तरी वाळल्यावर ते आकार धरत नाही. चिलखताला लागतं झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्याच जातीचं. क्रोमच्या चामड्याची कापलेली कड बऱ्याचदा निळसर-राखाडी दिसते, सालीच्या चामड्याची तपकिरी. शिवाय रंग न दिलेल्या सालीच्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला, तर तो लगेच मुरतो आणि गडद डाग पडतो. जाडी 3 ते 4 मिलिमीटर पुरे. बोटांच्या पट्ट्यांना त्याहून थोडी कमी.

मग मापाची पाळी. उघडा पंजा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, हा मोह कुणालाच आवरत नाही. त्या मापाचा मोजा टेबलावर ऐटीत दिसतो. हातात तलवार आली की मात्र पंचाईत होते, कारण मूठ मिटताना हाताची मागची बाजू ताणली जाते. पट्ट्या एकमेकींपासून सरकतात आणि नेमकी बोटांची पेरं उघडी पडतात. म्हणून हातात साधा मोजा चढवावा, तलवारीच्या मुठीइतक्या जाडीचा दांडा घट्ट धरावा आणि माप तेव्हा घ्यावं. चामड्याला रापी लावण्याआधी सगळे तुकडे पुठ्ठ्याचे कापून टाचण्यांनी जोडून पाहावेत. यात एक संध्याकाळ जाते, पण महागाचं चामडं वाचतं.

मनगटाचंही तसंच. आपल्याकडच्या दांडपट्ट्याच्या मुठीवरचा पोलादी खोबळा हाताला जवळजवळ कोपरापर्यंत झाकतो. त्यात मनगट वाकत नाही आणि वाकावं अशी अपेक्षाही नसते, कारण वार खांद्यातून येतो. युरोपातल्या शिलेदाराला मनगट हलवून तलवार चालवायची असे. इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड, म्हणजेच ‘ब्लॅक प्रिन्स’, 1376 साली वारला. त्याचे मुलामा दिलेले चिलखती मोजे कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये जपले आहेत. ते मनगटाशी बारीक आहेत आणि तिथून मागे फाकत जातात. फाकलेला भाग सोडून सरळ नळकांडं केलं, तर हात वर उचलताच कड मनगटात रुतते. नवशिक्यानं खरं तर पहिला जोड बोटांविनाच करावा: मनगटाची नळी आणि पंजाच्या पाठीवरची एक पट्टी, बस्स.

चामडं आकारात वळवण्यापूर्वी बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवतात आणि मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर मुरू देतात. उकळत्या पाण्यात बुडवलं की ते कडक होतं हे खरं, पण पाहता पाहता आक्रसून वेडंवाकडं होतं आणि फार वेळ राहिलं तर ठिसूळही. नवख्यानं या वाटेला जाऊच नये. ओल्या चामड्याला लोखंडी खिळे किंवा क्लिपाही लावू नयेत. सालीतल्या टॅनिनला लोखंड लागलं की काळा डाग पडतो, आणि तो घासून जात नाही. रिव्हेट तांब्याचे किंवा पितळेचे घ्यावेत.

रिव्हेट ठोकण्यातही एक गोम आहे. जिथे सांधा हलायला हवा, तिथे दोन पट्ट्यांच्या मध्ये जाड कागदाची चकती ठेवून ठोकावं आणि नंतर ती फाडून काढावी. तेवढ्या फटीमुळे पट्ट्या सहज सरकतात. चकती विसरली तर सांधा आवळतो आणि रिव्हेट कापून काढण्याशिवाय गत्यंतर उरत नाही.

एवढं करूनही हा मोजा वेशभूषेचाच, हे ध्यानात असू द्यावं. जोरात बसलेल्या पोलादी तलवारीपुढे नुसतं चामडं बोटांची हाडं वाचवत नाही.

अंगठ्याचा तुकडा स्वतंत्र बिजागरीवर बसवावा, कारण तो बाकीच्या बोटांच्या दिशेत मिटत नाही. आणि दुसऱ्या हातासाठी पुठ्ठे उलटे करून आखताना प्रत्येकावर ‘डावा’, ‘उजवा’ असं ठळक लिहावं. चामड्याची गुळगुळीत बाजू बाहेर हवी असल्यानं कापलेला तुकडा नंतर उलटवून चालत नाही, आणि दोन उजवे हात तयार होणं हा प्रकार फार सर्रास घडतो.