ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगचे गंजून बसलेले सांधे

चिखलणीत राबलेला ट्रॅक्टर पुढे दोन-तीन महिने गोठ्याशेजारी उभा राहतो. आणि ऊस तोडणीस आला म्हणून त्यास बाहेर काढावयास जावे, तो पुढची चाके वळता वळत नाहीत. हा अनुभव आमच्या कळंब्याकडील पुष्कळ बागायतदारांस असेल. कोल्हापुरात उद्यमनगरास चांगले कारागीर आहेत. पण ऐन हंगामात त्यांस सवड नसते, म्हणून घरच्या घरी हातोडा उचलला जातो. आम्ही महसूल खात्यातील कारकुनी संपवून शेतीकडे वळलो. यंत्रविद्येची परीक्षा आम्ही दिलेली नाही. पुढे लिहिले आहे ते स्वतः करून आणि बरेचसे चुकून शिकलेले आहे.

प्रथम रचना ध्यानी घ्यावी. वळणावर आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळावे लागते. ही युक्ती म्यूनिक येथील गाड्या बांधणारे लँकेनस्पर्गर यांनी काढिली व १८१८ साली रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी तिचे इंग्लंडात पेटंट घेतले. त्यासाठी प्रत्येक चाक आपापल्या उभ्या खुंटीवर, म्हणजे किंगपिनवर, फिरते आणि दोन्ही चाके टाय रॉडने जोडलेली असतात. टाय रॉडच्या टोकाचा गोळा निमुळत्या दांड्याने चाकाच्या हातात घट्ट बसविलेला असतो. चिखलपाणी शिरते ते याच जागी. लोखंडापेक्षा त्याचा गंज अधिक जागा व्यापतो; त्यामुळे दोन भागांमधील फट तो पाचरीप्रमाणे भरून टाकतो. अशा पाचरीवर बळ केले की भाग तुटतो, पण सुटत नाही.

पॉवर स्टेअरिंगच्या ट्रॅक्टरात आणखी एक फसगत आहे. तेलाच्या दाबाने जड चाकही वळते, म्हणून दोष हातास कळत नाही. सबब वर्षातून एकदा टाय रॉड सोडून प्रत्येक चाक नुसत्या हाताने वळवून पाहावे.

काम सपाट जागी करावे. ब्रेक लावून मागील चाकांच्या पुढे-मागे दगड द्यावेत. पुढचा अ‍ॅक्सल मध्यावर झुलता असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एक बाजू उचलली म्हणजे दुसरी कलते. म्हणून दोन्ही टोकांखाली जाड ओंडके रचावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये.

यानंतर लेखणी हाती घ्यावी. कारकुनाचे हे बोलणे ऐकून वाचक हसतील. पण सोडण्यापूर्वी टाय रॉडची लांबी मोजून लिहिणे आणि गोळ्याचे टोक किती आट्यांवर निघाले ते मोजणे, यावर पुढची चाके सरळ राहणे अवलंबून असते. पुष्कळ ट्रॅक्टरांत या रॉडच्या एका टोकास सुलटे व दुसऱ्यास उलटे आटे असतात. उलट आटे आहेत हे न पाहता आम्ही एकदा सबंध सकाळ एक टोक ‘सोडीत’ होतो. वस्तुतः ते घट्ट करीत होतो!

सांधा तारेच्या ब्रशने स्वच्छ करून गंज सोडविणारे तेल, ते नसल्यास डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून, संध्याकाळी लावावे; दोन तासांनी पुन्हा लावावे व रात्रभर तसेच सोडावे. दुसऱ्या दिवशी खाचांच्या नटातील कॉटर पिन काढून नट सैल करावा, पण दोन-तीन आट्यांवर राहू द्यावा. नाहीतर सांधा एकदम उडून हातावर येतो. दांड्याच्या टोकावर मात्र मुळीच ठोकू नये. तेथे ठोकल्याने टोक पसरते, आटे मोडतात आणि नट निघेनासा होतो. ज्या हातात दांडा बसला आहे त्याच्या बाजूस एक जड हातोडा टेकवून समोरच्या बाजूस दुसऱ्याने खणखणीत घाव द्यावा. त्या घावाने भोक क्षणभर दबते व निमुळता दांडा पकड सोडतो. जवळ पुलर असल्यास त्याने ताण देऊन मग ठोकावे. दुबेळक्याची पाचर ठोकल्यास वरची रबरी टोपी फाटते. गोळा टाकूनच द्यावयाचा असेल तरच ती वापरावी.

गॅसच्या ज्योतीचा मोह पुष्कळांस होतो. आम्हास तो पसंत नाही. बंद गोळ्यातील ग्रीस तापून तो फुटू शकतो, वर तेल लावलेले असते ते पेट घेते, आणि कठीण केलेल्या पोलादाचा कस जातो. तापविलेला गोळा किंवा बोल्ट स्टेअरिंगमध्ये पुन्हा बसवू नये.

किंगपिनचे काम धीराचे. बहुधा ग्रीसचे तोंडच मातीने बुजलेले असते. निप्पल काढून तारेने वाट मोकळी करावी, आत डिझेल सोडावे व चाक अधांतरी ठेवून इंचभर इकडे, इंचभर तिकडे हाताने हलवीत राहावे. लांब पाइप लावून एकदम ओढू नये. सुटले म्हणजे जुने काळे ग्रीस निघून स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत गन चालवावी. चाक उचललेले असल्याने ते वजनाखालच्या जागीही पोचते. तरीही चाक उभ्या रेषेत डुगडुगले तर बुश झिजला आहे असे समजून बदलावा.

आता आमची चूक. चार आण्यांच्या मोलाची, म्हणून जुनी कॉटर पिन सरळ करून आम्ही पुन्हा घातली. पंधरा दिवसांनी तलावाकडील उतारावर ती तुटली, नट गळाला, आणि एक चाक वळले, दुसरे सरळच राहिले. ट्रॅक्टर बांधावरून बाभळीवर गेला. ट्रॉली रिकामी होती आणि पुतण्या उडी मारून वाचला. हेच गारगोटी रस्त्यावर भरलेल्या उसासह झाले असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. नवी पिन नटाच्या खाचेत बसत नसेल तर नट किंचित अधिक आवळावा. तो सैल करून खाच जुळवू नये.

सर्व बसवून झाल्यावर दोन चाकांच्या कडांमधील अंतर अ‍ॅक्सलच्या उंचीवर पुढून व मागून मोजावे. पुढचे अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी असावे लागते; नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतो. मग रिकाम्या शेतात दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहावे, आणि दहा तास चालल्यावर प्रत्येक नट पुन्हा पान्याने तपासावा.