खेळाच्या लाकडी ठोकळ्यांवर शेवटचा हात कशाचा द्यावा?

बालवाडीत व पहिलीच्या वर्गात लाकडी ठोकळ्यांइतके स्वस्त आणि बहुगुणी साधन क्वचितच आढळेल. फ्रोबेल (१७८२–१८५२) या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने योजिलेल्या साधनांत आठ एकइंची घनांत विभागलेला दोन इंची घन होता. मोजणे, तोलणे, रचणे हे सारे त्यातून साधते. असे ठोकळे गावच्या सुताराकडील सागाच्या किंवा शिवणीच्या तुकड्यांतून शाळेतच करता येतात. लहान मूल वस्तू तोंडात घालते. म्हणून बालवाडीसाठी ठोकळ्याची बाजू पाच सेंटिमीटरहून कमी नसावी, आणि त्यावर काय लावावयाचे याचाही विचार त्याच दृष्टीने करावा.

प्रथम, काय लावू नये? दारेखिडक्या रंगवून उरलेला डबा शाळेच्या कपाटात पडलेला असतो. तो वापरण्याचा मोह निश्चयाने टाळावा. जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते. शिसे पोटात गेल्यास मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो व तो भरून येत नाही. घरगुती व शोभेच्या रंगांत दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचा, चिठ्ठी नसलेला अथवा यंत्रसामग्रीसाठी बनविलेला रंग ठोकळ्यांस मुळीच लावू नये.

खरा गुळगुळीतपणा लेपातून येत नाही, तो घासण्यातून येतो. पॉलिश पेपर प्रथम ८० क्रमांकाचा, मग १२० चा व शेवटी २२० चा घ्यावा. लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासावे. कडा व कोपरे किंचित गोल करावेत. नंतर ओल्या फडक्याने ठोकळा पुसून वाळू द्यावा. पाण्याने तंतू उभे राहतात. ते २२० च्या कागदाने पुन्हा हलकेच उतरवावेत. शेवटी कापसाचा बोळा फिरवून पाहावा. कापूस अडकला, तर तेथे कूस शिल्लक आहे असे समजावे.

एवढे केल्यावर लेप न देताही ठोकळे वापरता येतात. रचण्याच्या ठोकळ्यांना हेच पुष्कळदा उत्तम, कारण पृष्ठभाग गुळगुळीत हवा, निसरडा नको. फार मेण लावल्यास मनोरा घसरतो आणि मूल हिरमुसते.

दुसरा मार्ग तेलाचा. जवसाचे खाण्याचे तेल हवेत हळूहळू घट्ट होते. शेंगदाण्याचे तसे होत नाही. ते चिकट राहते व खवट होते. बाजारातील ‘उकळलेल्या’ जवस तेलात धातूंची संयुगे मिसळलेली असतात, म्हणून तेही टाळावे. पातळ हात द्यावा, वीस मिनिटांनी उरलेले तेल पुसून काढावे व ठोकळे दोन आठवडे हवेशीर जागी ठेवावेत. तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

तिसरा मार्ग लाखेचा. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी कातावर फिरवून लाखेने रंगविली जातात. चौकोनी ठोकळा असा फिरविता येत नाही. म्हणून १०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये सुमारे २० ग्रॅम चपडा लाख रात्रभर विरघळवून गाळून घ्यावी. दोन-तीन पातळ हात, प्रत्येक वाळल्यावर पुढचा, असे द्यावेत. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने काम मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर व मुले नसताना करावे. ठोकळे आठवडाभराने द्यावेत. या लेपाने चमक येते व मळ बसत नाही. मात्र पाणी साचल्यास पांढरे डाग पडतात.

सारांश, रचण्याच्या ठोकळ्यांस नुसते घासणे अथवा तेलाचा एक हात पुरे. अक्षरे वा अंक लिहिलेल्या ठोकळ्यांस लाख योग्य. कोणताही लेप आधी एका टाकाऊ तुकड्यावर करून पाहावा. ठोकळे पाण्यात भिजत घालू नयेत, ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवावेत. सत्राच्या आरंभी प्रत्येक ठोकळा हाताळून तपासावा. कूस निघालेला ठोकळा लगेच बाजूस काढून पुन्हा घासावा.