आधी माती, मग मानांकन

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतींपासून वडाळ्याच्या नव्या मनोऱ्यांपर्यंत, इमारतींभोवतीच्या मोकळ्या जागा आखण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. आता बहुतेक प्रकल्पांना ‘हरित’ मानांकन हवं असतं. त्या धावपळीत जे उमगलं ते या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी.

१. जागा पावसात बघा. सर्व्हेचा नकाशा चढउतार दाखवतो, पाणी कुठे तुंबतं ते दाखवत नाही. इथे टेकडीचं पाणी खाली धावतं आणि पूर्वेकडे मिठागरांची, खाजणाची सखल जमीन. मोठी सर आणि भरती एकत्र आली की नाल्यांचं पाणी बाहेर पडत नाही. त्या वेळी छत्री घेऊन जागेवर जा. वॉचमनला, तळमजल्यावरच्या आजींना विचारा. मोकळ्या जागांसाठीच्या ‘साइट्स’ या अमेरिकी मानांकनात एकूण २०० गुण आहेत, पण आराखड्याआधी जागेचा अभ्यास ही त्यात मुळातली अट आहे, तिला गुण नाहीत. मला हे फार पटतं.

२. माती जमिनीला लागलेली हवी. सगळ्यात जास्त भांडणं मी यावरच केली. खाली पार्किंग, वर स्लॅब, स्लॅबवर दोन-तीन फूट माती, त्यावर लॉन आणि पाम: याला बाग म्हणून विकलं जातं. तिथे वड वाढत नाही आणि पाऊस जमिनीत मुरत नाही, पाइपातून थेट गटारात जातो. मुंबई महापालिका विरुद्ध कोहिनूर सीटीएनएल या खटल्यात डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान राखीव मनोरंजन मैदान जमिनीवरच हवं, पोडियमवरचं त्यात धरता येणार नाही, असा निकाल दिला. हा निकाल प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीला माहीत असायला हवा.

जमीन राखली तरी काम संपत नाही. जेसीबी आणि मिक्सर वर्षभर फिरले की माती दगडासारखी दाबली जाते. मग वर लाल माती पसरून हिरवळ उगवते, झाड मात्र दोन-तीन पावसाळ्यांत कलतं. म्हणून खोदकामाआधी वरचा थर काढून ताडपत्रीखाली राखून ठेवा, जुन्या झाडांभोवती पत्रे मारा आणि बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवू देऊ नका.

३. सगळीकडे शोषखड्डा चालत नाही. मिठागरांकडच्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी पावसाळ्यात वर येतं, खड्डा भरूनच राहतो. तिथे साठवण टाकी बरी. हिंदमाता परिसरात पाणी तुंबू नये म्हणून महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. एकाच जागेकडून मैदानाचं आणि पाणी धरण्याचं अशी दोन कामं घेता येतात, हे त्यातून शिकण्यासारखं.

४. एकाच जातीची रांग लावू नका. पिठ्या ढेकणाने मुंबईतले पर्जन्यवृक्ष रस्तेच्या रस्ते वाळवले. करंज, ताम्हण, बकुळ, कदंब मिसळून लावा.

५. झाडं मोजा. मुंबईला २०२१ सालासाठी ‘ट्री सिटी ऑफ द वर्ल्ड’ ही मान्यता मिळाली. तिच्या पाच निकषांत झाडांची नोंद असणं हा एक आहे, आणि महापालिकेच्या गणनेत २९.७५ लाख झाडं आहेत. सोसायटीनेही वहीत जात, घेर आणि छाटणीची तारीख लिहावी. वहीत लिहिलेलं झाड कोणी परस्पर तोडलं की लगेच विचारता येतं.

६. माळ्याचं बजेट आधी लिहा. ‘ग्रिहा’ या भारतीय हरित मानांकनाचे तारे पाच वर्षांपुरते असतात, पुढे नूतनीकरण लागतं. बहुतेक ठिकाणी पाटी प्रवेशद्वारावर राहते, ठिबकच्या नळ्या तुंबतात आणि दर वर्षी कंत्राट बदलून नवा माळी येतो, ज्याला कुठली कुंडी कुणाची तेही ठाऊक नसतं. एकच जाणता माळी पगार देऊन टिकवा.

७. कुलूप लावलेली बाग कुणाचीच नसते. शाळा सुटल्यावर मुलांना क्रिकेटसाठी उघडी जमीन आणि म्हाताऱ्यांना सावलीतलं, पाठ असलेलं बाक मिळालं पाहिजे.

आपल्या भागात आता पुनर्विकासाच्या सभा सुरू आहेत. करारावर सही करण्याआधी सभेत उभं राहून एवढं विचारा: किती चौरस मीटर जमीन स्लॅबशिवाय, उघडी राहणार? आणि उत्तर लेखी घ्या.