‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण तपासून पाहू



आपल्या घराघरांत एक म्हण फार चालते : स्वभावाला औषध नाही. नवरा तापट, सून घुमी, थोरला आळशी, धाकटी हळवी. एकदा असा शिक्का बसला की तो वर्षानुवर्षे पुसला जात नाही. ‘त्याचा स्वभावच तसा’ असे म्हटले की बोलणे तिथेच संपते, आणि मनातली अढी मात्र वाढत राहते.

आरोग्याचे पान म्हटले की ताप, खोकला, साखर, रक्तदाब हे विषय येतात. पण दहा बाय दहाच्या खोलीतली रोजची धुसफूससुद्धा झोप उडवते, भूक मारते, डोके दुखवते. म्हणून या वेळी आम्ही व्यक्तिमत्त्व चाचणी हा विषय घेतला आहे. मुलांच्या मोबाईलवर ‘तुमचा स्वभाव ओळखा’ अशा चाचण्या येत असतात. काही कंपन्या नोकरी देण्याआधी अशी प्रश्नावली भरून घेतात. या चाचण्यांतून काय कळते, घरात त्यांचा उपयोग कसा करायचा आणि कुठे सावध राहायचे, ते पाहू.

चाचणी काय मोजते?

रक्ताच्या चाचणीत रक्त तपासतात. व्यक्तिमत्त्व चाचणीत माणूस स्वतःबद्दलच्या प्रश्नांना उत्तरे देतो. तिच्यात पास-नापास नसते. मानसशास्त्रज्ञ आज ज्या पद्धतीवर सर्वांत जास्त भर देतात, तिच्यात स्वभावाचे पाच घटक धरलेले आहेत.

पहिला, बहिर्मुखता : चार माणसांत बसल्यावर हुरूप येतो की एकटे बसल्यावर बरे वाटते. दुसरा, काटेकोरपणा : कामे वेळेवर आणि नीट करण्याची सवय किती. तिसरा, सौहार्द : दुसऱ्याशी जुळवून घेण्याकडे कल किती. चौथा, मनाची चलबिचल : काळजी, राग, उदासी किती लवकर येते. पाचवा, नव्याची ओढ : नवी कल्पना, नवे काम, नवी जागा हवीशी वाटते की नकोशी.

हे पाच घटक म्हणजे पाच कप्पे नव्हेत, पाच मोजपट्ट्या आहेत. बहुतेक माणसे मध्यावर कुठेतरी असतात. पट्टीचे एक टोक चांगले आणि दुसरे वाईट असेही नाही. फार जुळवून घेणाऱ्या बाईची मजुरी मुकादम सहज कापतो. आणि सतत काळजी करणारी आजी असते, म्हणूनच पाणी जाण्याच्या आत घरातले हंडे भरलेले असतात.

हे घटक काही अंशी जन्मतः येतात, काही अंशी परिस्थिती घडवते. ते दगडावरची रेघ नाहीत. अनेक देशांतल्या अभ्यासांत असे दिसले आहे की तरुणपणापासून मध्यम वयापर्यंत माणसे सरासरीने अधिक जबाबदार आणि अधिक समजूतदार होतात, मनाची चलबिचल कमी होते. म्हणजे आपली म्हण निम्मीच खरी आहे.

आपल्या परंपरेतला दाखला

स्वभाव ओळखून उपाय करण्याचा विचार बौद्धांना नवा नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष यांनी श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ रचला. आपल्याकडे धर्मानंद कोसंबी यांनी त्याचे संपादन केले. त्यात माणसांची सहा चरिते सांगितली आहेत : राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क. इथे राग म्हणजे आसक्ती, मराठीतला संताप नव्हे.

माणूस चालतो कसा, बसतो कसा, जेवतो कसा, अगदी झाडतो कसा, यावरूनही चरित ओळखण्याच्या खुणा त्यात आहेत. रागचरिताचा माणूस झाडू नीट धरून सावकाश, एकसारखे झाडतो. द्वेषचरिताचा झाडू घट्ट आवळून खर्रखर्र आवाज करत घाईने झाडतो. मोहचरिताचा झाडू सैल धरतो आणि कचरा इकडचा तिकडे करतो. आपल्या घरातली एक-दोन माणसे वाचकांना इथे लगेच आठवतील.

पण ही ओळख नावे ठेवण्यासाठी नव्हती. कोणाला कोणती साधना द्यायची हे ठरवण्यासाठी होती. द्वेषचरिताच्या माणसाला मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा यांची भावना सांगितली आहे. मोह आणि वितर्क असलेल्यांना आनापान, म्हणजे श्वासाची स्मृती. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या खुणा देऊन झाल्यावर तोच ग्रंथ बजावतो की हे आचार्यांचे मत आहे, याला पूर्ण प्रमाण मानू नये. चाचणी कशी वापरावी याचा धडा यातच आहे : ओळख करून घ्या, उपाय शोधा, पण निकालाला अखेरचा शब्द समजू नका.

घरी करून पाहण्याचा अभ्यास

खाली पाच वाक्ये आहेत. ही शास्त्रीय चाचणी नाही, बोलणे सुरू करण्याचा मार्ग आहे. नवरा-बायको, सासू-सून, बाप-लेक, कोणीही दोघे करू शकतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना दुसऱ्याने वाचून दाखवावे.

१. दिवसभराच्या कामानंतर मला कोणाशी तरी बोलावेसे वाटते.
२. हातात घेतलेले काम मी वेळेत पुरे करतो किंवा करते.
३. भांडण नको म्हणून मी माझे म्हणणे मागे घेतो किंवा घेते.
४. छोट्या गोष्टीनेही माझे मन बराच वेळ अस्वस्थ राहते.
५. घरात नवी पद्धत आली की मला ती करून पाहावीशी वाटते.

‘अजिबात नाही’ला १ आणि ‘अगदी खरे’ला ५ असे गुण द्या. आधी स्वतःला द्या. मग दुसऱ्या कागदावर समोरच्या माणसाला द्या. नंतर कागद शेजारी ठेवा. जिथे दोन किंवा जास्त गुणांचा फरक दिसेल, तिथेच बोला. ‘तू चुकीचे लिहिलेस’ असे म्हणायचे नाही. ‘असे तुला कधी वाटले, एखादा प्रसंग सांग’ एवढेच विचारायचे. ऐकणाऱ्याने मध्ये तोडायचे नाही. सम्यक वाचेचा सराव करायला याहून सोपी संधी नाही.

अमेरिकेतील जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ मध्ये असाच विचार एका चार खणांच्या खिडकीतून मांडला. पहिल्या खणात मला आणि इतरांनाही माहीत असलेले. दुसऱ्यात इतरांना दिसणारे पण मला न दिसणारे. तिसऱ्यात मी लपवून ठेवलेले. चौथ्यात कोणालाच माहीत नसलेले. दोघांच्या नावांवरून तिला ‘जोहारी खिडकी’ म्हणतात. आपल्या पूर्वजांना घालाव्या लागणाऱ्या जोहाराशी या नावाचा काही संबंध नाही. दुसरा आणि तिसरा खण जितका उघडतो, तितके नाते मोकळे होते, असे त्यांचे सांगणे आहे.

समजा, नवरा रात्रपाळीचा वॉचमन आहे. रात्रभर खुर्चीत एकटा बसून सकाळी घरी येतो आणि त्याला भडाभडा बोलायचे असते. बायको चार घरची धुणीभांडी करते. दिवसभर बायांच्या सूचना ऐकून तिचे कान किटलेले असतात आणि सकाळची अर्धी घटका तिला शांतता हवी असते. तो म्हणतो, ‘घरात आलो की ही तोंड फिरवते.’ ती म्हणते, ‘आले नाहीत तोच यांचा पट्टा सुरू.’ पहिल्या वाक्याला त्याने ५ दिले आणि तिने १, हे कागदावर दिसले की दोघांना कळते, राग एकमेकांचा नव्हता, गरज वेगळी होती. मग चहा होईपर्यंत त्याने थांबायचे आणि चहाबरोबर तिने मन लावून ऐकायचे, एवढी सोय लावता येते. प्रत्येक जोडीने अशी एकच छोटी सोय ठरवावी. दहा ठरवल्या तर एकही टिकत नाही.

सावध कुठे राहायचे?

१९४८ मध्ये अमेरिकेतील बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे ‘स्वतंत्र’ स्वभाववर्णन दिले. ते किती बरोबर आहे याला पाचपैकी गुण द्या म्हटल्यावर सरासरी चारच्या वर गेली. प्रत्यक्षात सर्वांच्या हाती एकच मजकूर होता आणि त्यातला बराचसा भाग ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता! ‘तुम्ही बाहेरून खंबीर, पण आतून हळवे आहात’ हे वाक्य कोणालाही लागू पडते. मोबाईलवरच्या पुष्कळ चाचण्या याच जातीच्या असतात. पत्रिका आपण सोडली, ती मोबाईलमधून परत घरात येऊ नये.

माणसांचे सोळा प्रकार सांगणारी चाचणीही प्रसिद्ध आहे. कार्ल युंग यांच्या १९२१ च्या पुस्तकावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ती तयार केली. गप्पांना ती बरी आहे. पण काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर अनेकांचा प्रकार बदलतो. वधू-वर परिचय मेळाव्यात अशा प्रकारांवरून स्थळ ठरवू नका. ते नव्या नावाने गुण जुळवणेच होईल.

आपल्याला तर शिक्क्यांचा अनुभव फार जुना आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. काही जातीच जन्माने लढवय्या, हा समज धरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली आणि तो समज किती पोकळ होता हे जगाला दिसले. ज्यांनी हे सोसले, त्यांनी आपल्या लेकरावर ‘हा असाच’ असा शिक्का मारू नये. वर्गात गप्प बसणारा मुलगा अंतर्मुख असेलच असे नाही. तो वस्तीत दिवसभर बडबड करत असेल तर त्याला वर्गात कोणी काय म्हणाले, हे आधी विचारा.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ‘माझा स्वभाव तापट आहे’ हे हात उगारण्याचे कारण होऊ शकत नाही. मारहाण हा स्वभाव नाही, गुन्हा आहे. तिथे हा कागदाचा अभ्यास करत बसू नका. ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर मदत मागा.

स्वभाव की आजार?

ज्याला आपण ‘आळशी’ म्हणतो, त्याचे रक्त कमी असू शकते. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे. थायरॉईडच्या आजारातही थकवा आणि उदासी येते. हसरे माणूस दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास राहिले, झोप-भूक गेली, कशातच रस उरला नाही, तर तो स्वभाव नाही. कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलले तर दोन आठवडे थांबायचेही नाही. सरकारी रुग्णालयात दाखवा. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलता येते. तिथे फोन केला म्हणजे कोणी वेडे ठरत नाही.

येत्या रविवारी विहारातून घरी आल्यावर हे पाच प्रश्न काढून बसा. कागदावर तारीख घाला आणि तो जपून ठेवा. सहा महिन्यांनी नव्या कागदावर पुन्हा गुण द्या आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. आकडे बदलले असतील तर कशामुळे बदलले ते एकमेकांना सांगा. बदलले नसतील तरी चालेल. इतके दिवस ज्याला तापट किंवा घुमी म्हणत होतो, त्या माणसाचे म्हणणे आपण दोनदा बसून ऐकलेले असेल.

नमो बुद्धाय, जय भीम.